दोघांपैकी मागे कोण थांबणार? ब्राझीलच्या मधल्या फळीची गोष्ट, १९८२ ते १९९४



१८ जुलै १९९४. आपल्याकडे रात्रीचा एक वाजून गेला होता. तिकडे अमेरिकेत, पासाडेनाच्या रोझ बाउल मैदानावर, भर दुपारच्या उन्हात ब्राझील आणि इटली विश्वचषकाची अंतिम लढत खेळत होते. आपल्यापैकी जे तेव्हा डोळे चोळत टीव्हीसमोर बसले असतील त्यांना आठवेल, १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. पेनल्टी शूटआऊटमध्ये ब्राझील ३-२ ने जिंकला आणि २४ वर्षांनी जगज्जेता झाला. पण आनंदात एक तक्रारही होती, खुद्द ब्राझीलमध्येही होती. हा काही आपला खेळ नव्हे, असं लोक म्हणत होते. तक्रारीचं बोट होतं मधल्या फळीतल्या दोघांकडे, डुंगा आणि मौरो सिल्वा यांच्याकडे. हे दोघेही बचावात्मक मध्यरक्षक. आज आपण या जोडीचा इतिहास पाहणार आहोत.

आधी एक शब्द समजून घेऊ. बचावफळीच्या पुढ्यात खेळणाऱ्या मध्यरक्षकाला ब्राझीलमध्ये ‘व्होलांते’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये व्होलांते म्हणजे गाडीचं स्टिअरिंगही. पण फुटबॉलमधला हा शब्द कार्लोस व्होलांते या अर्जेंटिनी खेळाडूच्या आडनावावरून आला, असं सांगितलं जातं. तो रिओच्या फ्लामेंगो क्लबकडून खेळायचा. म्हणजे ही जागा ब्राझीलला नवी नव्हती. १९५८ मध्ये झिटो होता, १९७० मध्ये क्लोदोआल्दो होता. त्यांच्या जोडीला खेळ रचणारा कोणी असायचा: झिटोबरोबर दिदी, क्लोदोआल्दोबरोबर जेर्सन. एक राखणारा आणि एक रचणारा, अशी ही वाटणी.

मग १९९४ मध्ये दोघेही राखणारे का? याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर एका तारखेत आहे: ५ जुलै १९८२, बार्सिलोनाचं सारिया मैदान. टेले सान्तानांचा तो संघ आजही अनेकांना सर्वात सुंदर वाटतो. झिको, सोक्रातिस, फाल्काओ, सेरेझो! उपांत्य फेरीत जायला इटलीशी नुसती बरोबरी पुरेशी होती. पाओलो रोस्सीने तीन गोल केले, ब्राझील ३-२ ने हरला. त्यातून धडा काढला गेला तो असा: सगळे पुढे धावले, मागे राखायला कोणी नव्हतं, म्हणून हरलो.

हा धडा आपण जरा तपासून पाहू. इतिहास वाचताना ही सवय बरी. त्या संघात व्होलांते किती होते? दोन! फाल्काओ आणि सेरेझो दोघेही त्याच जागेचे खेळाडू. म्हणजे आकडा १९८२ मध्येही तोच होता, १९९४ मध्येही तोच.

आता गोल बघा. रोस्सीचा पहिला गोल डावीकडून काब्रिनीने दिलेल्या क्रॉसवर हेडरने झाला. दुसरा सेरेझोच्या चुकलेल्या आडव्या पासवर. तिसरा कॉर्नरनंतर झालेल्या गोंधळात, आणि तेव्हा ब्राझीलचे बहुतेक सगळे खेळाडू आपल्याच गोलसमोर होते. दोन राखणारे असते तर कॉर्नरवरचा गोल टळला असता, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का? आम्हाला नाही वाटत.

पण याच सामन्यातला ब्राझीलचा दुसरा गोल फार बोलका आहे. ६८ वं मिनिट. चेंडू फाल्काओकडे आला. सेरेझो त्याच्या बाजूने उजवीकडे धावत सुटला. इटलीचे बचावपटू त्याच्यामागे ओढले गेले, फाल्काओसमोर जागा झाली आणि त्याने बॉक्सबाहेरून डाव्या पायाने गोल केला. २-२. सुंदर गोल. पण त्या क्षणी ब्राझीलचे दोन्ही व्होलांते कुठे होते? इटलीच्या बॉक्सपाशी! जे स्वातंत्र्य हा गोल देत होतं, तेच मागची जागा मोकळीही सोडत होतं. तेव्हा प्रश्न दोन खेळाडू असण्याचा नव्हताच. एक पुढे गेला तर दुसऱ्याने मागे थांबायचं, हे ठरलं होतं का, हा खरा प्रश्न होता.

मधली वर्षंही खडतर गेली. १९८६ मध्ये फ्रान्सकडून पेनल्टींवर हार. १९९० मध्ये तूरिनला अर्जेंटिनाकडून ०-१. मॅराडोनाने मध्यातून मुसंडी मारून कानिजियाला पास दिला आणि खेळ संपला. त्या पराभवाला ब्राझीलच्या वृत्तपत्रांनी नाव चिकटवलं ‘डुंगा युग’. एका खेळाडूचं टोपणनाव म्हणजे कंटाळवाण्या फुटबॉलचं दुसरं नाव झालं. हे टोपणनाव तरी कुठलं, तर हिमगौरीच्या सात बुटक्यांमधल्या भोळसट बुटक्याचं!

आता १९९४. प्रशिक्षक कार्लोस आल्बेर्तो परेरा, त्यांच्यासोबत समन्वयक म्हणून मारिओ झागालो. गंमत बघा, १९७० च्या जगज्जेत्या संघाचे झागालो प्रशिक्षक होते आणि परेरा शारीरिक तयारी करून घेणाऱ्यांपैकी एक. म्हणजे ‘खरा ब्राझील’ बाहेरच्या कोणी येऊन मोडला नाही. ज्यांनी तो जवळून घडताना पाहिला, त्यांनीच ही जोडी उभी केली.

त्यांनी कामाची वाटणी केली. मौरो सिल्वा खोल थांबायचा, गरज पडली तर दोन मध्यवर्ती बचावपटूंच्या मध्ये उतरायचा. डुंगा त्याच्या किंचित पुढे. चेंडू हिसकावायचा आणि लगेच पुढे पास द्यायचा. या दोघांनी मधला दरवाजा लावून घेतला, म्हणून कडेचे बचावपटू निर्धास्तपणे पुढे जाऊ लागले. उपांत्य सामन्यात स्वीडनविरुद्धचा एकमेव गोल उजव्या बचावपटूच्या, जॉर्जिन्होच्या, क्रॉसवर रोमारिओने हेडरने केला. त्याआधी नेदरलँड्सविरुद्ध ३-२ चा विजयी गोल डावा बचावपटू ब्रान्को याच्या फ्री किकवर आला. आणि पुढे रोमारिओ-बेबेटो यांना मागे धावण्याची फारशी चिंता नव्हती. संघाच्या ११ गोलांपैकी ८ या दोघांचे. सात सामन्यांत खाल्लेले गोल फक्त ३.

म्हणजे ही जोडी नुसती भिंत नव्हती. घरात कोणीतरी मागे थांबतं म्हणून बाकीचे जत्रेला जाऊ शकतात, तसं ते काम होतं. जत्रेच्या फोटोत मागे थांबलेला माणूस दिसत नाही, इतकंच.

याची किंमत मात्र मोजावी लागली, तीही सांगितली पाहिजे. मधोमध खेळ रचणारा उरला नाही. ती जबाबदारी राई याच्यावर होती. तो कर्णधार होता, तरी बाद फेरीत त्याची जागा गेली आणि मेहनती माझिन्हो आला. कर्णधारपद डुंगाकडे. अंतिम सामन्यात गोलशून्य बरोबरी झाली, आणि तरीही गोलच्या सर्वात जवळ गेलेला एक फटका कोणाचा? मौरो सिल्वाचा! इटलीचा गोलरक्षक पाल्युका याच्या हातून चेंडू निसटला, खांबाला लागून परत आला, आणि पाल्युकाने त्या खांबाचा मुका घेतला.

या कथेला एक शेपूट आहे. २०१० मध्ये डुंगा स्वतः प्रशिक्षक होता. जिल्बेर्तो सिल्वा आणि फेलिपे मेलो अशी जोडी त्याने खेळवली. नेदरलँड्सविरुद्ध पहिला गोल मेलोच्याच अप्रतिम पासवर रोबिन्होने केला. उत्तरार्धात तोल सुटला, मेलोला लाल कार्ड मिळालं आणि संघ १-२ ने बाहेर पडला. दोन राखणारे होते, तरीही. नेदरलँड्सचा दुसरा गोल कॉर्नरवरचा होता, सारियासारखाच.

म्हणून आपण या इतिहासातून काय घ्यायचं? पराभवानंतर घाईने काढलेला धडा बहुधा आकड्यांत मांडला जातो: एक कमी पडला, दोन हवेत. प्रत्यक्षात ठरतं ते त्या दोघांमधल्या समजुतीवर. पुढच्या वेळी सामना बघाल तेव्हा पाच मिनिटं चेंडूकडे बघू नका. त्या दोघांकडे बघा. एक पुढे सरकला की दुसरा काय करतो, एवढंच पाहा. सामन्याचा अर्धा हिशोब तिथे कळेल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.