विज्ञान अध्यापनातील तंत्रज्ञान : शिक्षकांचा दृष्टिकोन
विज्ञानाच्या तासाला संगणक, प्रोजेक्टर, मोबाइल वापरण्याविषयी शिक्षकांची मते, तयारी आणि धास्ती हा इथला विषय आहे. फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या प्रारूपानुसार साधन उपयोगी आणि वापरायला सोपे वाटले, तर ते स्वीकारले जाण्याची शक्यता वाढते. पेगी अर्टमर यांनी १९९९ मध्ये अडथळ्यांचे दोन स्तर मांडले : यंत्रे, वेळ, प्रशिक्षण यांची उणीव हा पहिला, शिकवण्याविषयीच्या धारणा हा दुसरा, आणि तोच अधिक चिवट.

महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. मात्र कोड छापला म्हणजे तो वर्गात उघडला जातोच असे नाही. फोन कोणाचा, डेटा कोणाचा आणि अभ्यासक्रम वेळेत संपेल का, हे शिक्षकाचे प्रश्न रास्त आहेत.

शिक्षकाची साशंकता म्हणजे मागासलेपण नव्हे. उदाहरणार्थ, मिरा-भाईंदरमधील घोडबंदर खाडीकाठी वसले आहे. तिथल्या मुलांना भरती-ओहोटी आणि तिवरांची श्वसनमुळे पडद्यावर दाखवण्यापेक्षा काठावर नेऊन दाखवणे केव्हाही सरस. अणूची रचना, हृदयातील रक्ताभिसरण, ग्रहांची गती यांसाठी मात्र चलचित्राला तोड नाही. ही निवड शिक्षकाच्या हाती हवी. प्रशिक्षणात बहुधा बटणांची ओळख होते, या निवडीचा सराव होत नाही. शेजारच्या वर्गातील सहकाऱ्याचा चांगला तास पाहणे अशा प्रशिक्षणाहून अधिक उपयोगी ठरते.