फुप्फुसधमनी : एका 'अपवादाची' गोष्ट

रक्ताभिसरणाचा धडा शिकवून झाला, की वर्गातून एक प्रश्न बहुधा येतोच. "धमन्यांतून शुद्ध रक्त वाहते आणि शिरांतून अशुद्ध, असे तुम्ही सांगितलेत. मग फुप्फुसधमनीत अशुद्ध रक्त कसे?" यावर 'तो अपवाद आहे, लक्षात ठेवा' असे सांगून आपण पुढे जातो. आम्हीही विद्यार्थी असताना हा अपवाद पाठ केला आणि शिकवायची वेळ आली तेव्हा तो तसाच पुढच्यांच्या हाती दिला. पण मुलांची शंका अगदी रास्त आहे. हृदय आणि फुप्फुसे यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे समजायला माणसाला दीड हजार वर्षे लागली. ती सारी वर्षे याच दोन नळ्यांपाशी अडली होती.

वाऱ्याची नळी

सुरुवात शब्दापासूनच करू. संस्कृतात 'धम्' म्हणजे फुंकणे, त्यावरून धमनी म्हणजे फुंकण्याची नळी. लोहाराचा भाता आठवा. ग्रीक भाषेतही 'आर्टेरिया' हा शब्द श्वासनलिकेला आणि धमनीला, दोन्हींना लावत. मेलेल्या प्राण्याचे शरीर उघडले, तर रक्त मुख्यतः शिरांत साठलेले दिसते आणि धमन्या बऱ्याचशा रिकाम्या असतात. तेव्हा इ.स.पू. तिसऱ्या शतकातील एरासिस्ट्रॅटसने धमन्यांतून हवा खेळते असे मानले, यात नवल नाही.

इ.स.च्या दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने हे खोडून काढले. जिवंत प्राण्याची धमनी त्याने दोन ठिकाणी बांधली आणि मधला भाग कापला. आत रक्तच होते. पण मग हे रक्त तिथे आले कोठून? गेलेनच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होई, शिरांवाटे शरीरभर जाई आणि तिथेच खर्ची पडे, पाटाचे पाणी शेतात मुरावे तसे. त्यातले थोडे हृदयाच्या उजव्या कप्प्यात येई, मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून डावीकडे झिरपे आणि तिथे फुप्फुसांकडून आलेल्या हवेच्या सत्त्वाशी मिसळून धमन्यांत शिरे.

या चित्रात उजव्या बाजूचे सगळे 'शिरेचे' आणि डाव्या बाजूचे सगळे 'धमनीचे'. उजवीकडून फुप्फुसाकडे जाणारी नळी म्हणूनच शीर ठरली. पण तिची भिंत तर धमनीसारखी जाड! मग तिचे नाव पडले 'धमनीसारखी शीर'. फुप्फुसाकडून डावीकडे येणारी पातळ भिंतीची नळी झाली 'शिरेसारखी धमनी'. आपल्या विद्यार्थ्याला पडणारा पेच या नावांत तेव्हाच दिसतो.

पडद्याला छिद्रे नाहीत

खाटकाकडून बकऱ्याचे हृदय आणून वर्गात उघडून पाहा. मधल्या पडद्यावर खळगे दिसतील. गेलेनला छिद्रांची कल्पना का पटली असेल, ते मुलांना लगेच कळेल. मग प्रत्येक खळग्यात बोथट काडी हलकेच घालायला सांगा. एकही काडी पलीकडे निघत नाही.

हे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवणारा पहिला ज्ञात माणूस म्हणजे इब्न अल्-नफीस हा वैद्य. त्याचे शिक्षण दमास्कसला झाले आणि पुढे तो कैरोत राहिला. इब्न सीनाच्या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर त्याने १२४२ साली टीका लिहिली. पडदा जाड आहे, त्याला दृश्य वा अदृश्य कोणतीही छिद्रे नाहीत, त्यामुळे उजवीकडचे रक्त फुप्फुसांत जाऊन, हवेशी मिसळून मगच डावीकडे येत असले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. वाट एकच उरत होती आणि त्याने ती मान्य केली. पुढे हे लिखाण विस्मृतीत गेले. १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित मिळाले, तेव्हा कुठे आधुनिक जगाला त्याचा पत्ता लागला.

युरोपात मायकेल सर्व्हिटसने १५५३ साली हाच मार्ग मांडला, तोही एका धर्मविषयक ग्रंथात. फुप्फुसाकडे जाणारी नळी इतकी मोठी आहे, की ती केवळ फुप्फुसाच्या पोषणासाठी असणे शक्य नाही, हा त्याचा मुद्दा आजही वर्गात सांगावा असा आहे. त्याच्या धर्ममतांमुळे त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याच्या ग्रंथाच्या तीनच प्रती आज शिल्लक आहेत. १५५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात कोलोंबोने त्या वाटेला प्रत्यक्ष पुरावा दिला. जिवंत प्राण्यांत 'शिरेसारखी धमनी' उघडली, तर तिच्यात हवा नसते, ती रक्ताने भरलेली असते.

हार्वेचा हिशेब

तरीही यकृत रोज नवे रक्त बनवते, ही समजूत कायम होती. ती मोडली ती साध्या गुणाकाराने. विल्यम हार्वेने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असा हिशेब केला : एका ठोक्याला हृदयातून अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरू. अर्ध्या तासात ठोके होतात हजाराच्या वर. म्हणजे अर्ध्या तासात ५०० औंस, आपल्या मापात सुमारे १५ किलो! एवढे रक्त शरीरात मुळी नसतेच आणि खाल्लेल्या अन्नातून ते दर अर्ध्या तासाला तयार होणेही शक्य नाही. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे.

हार्वेचा अंदाज खरे तर फार कमी होता. विश्रांतीत मोठ्या माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. शरीरातील एकूण रक्तही साधारण तेवढेच. म्हणजे मिनिटाभरात सगळे रक्त एकदा फुप्फुसांतून जाऊन येते.

पण दोन दुवे हार्वेला सापडले नाहीत. धमन्यांतले रक्त शिरांत कसे जाते, हे त्याला दिसले नव्हते. आणि सगळे रक्त फुप्फुसांतून जाते हे मान्य असूनही ते तिथे कशासाठी जाते, याचे समाधानकारक उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

पुन्हा भाता

पहिला दुवा १६६१ साली मार्सेलो मालपिगीने दिला. बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली त्याला अतिशय बारीक नळ्यांचे जाळे दिसले. याच केशवाहिन्या. हार्वेला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

दुसऱ्या दुव्यासाठी भाता कामी आला. १६६७ साली लंडनमध्ये रॉबर्ट हुकने कुत्र्याची छाती उघडून भात्याने फुप्फुसांत हवेचा अखंड झोत सोडला. ती बाहेर पडावी म्हणून फुप्फुसांना बारीक टोचे मारले. फुप्फुसे फुगून स्थिर राहिली, तरी कुत्रा जिवंत राहिला. म्हणजे महत्त्व फुप्फुसांच्या हालचालीला नसून ताज्या हवेला होते. असले प्रयोग आज क्रूर वाटतात. हुकलाही त्यातील यातना अस्वस्थ करीत होत्या. त्याचा सहकारी रिचर्ड लोअर याने १६६९ च्या ग्रंथात पुढची पायरी नोंदली. काळपट रक्त लालभडक होते ते हृदयात नव्हे, फुप्फुसांत, आणि तेही हवा मिळाली तरच. भांड्यातील काळपट रक्त हवेत घुसळले, तरी ते लाल होते.

हवेतील नेमके काय, हे सांगायला आणखी शंभर वर्षे गेली. लाव्हाझिएने १७७७ नंतर श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन असल्याचे दाखवले, पण हे ज्वलन फुप्फुसांत होते अशी त्याची समजूत होती. १८३७ साली माग्नुसने दोन्ही प्रकारच्या रक्तांत ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड असतात, धमनीच्या रक्तात ऑक्सिजनचे प्रमाण अधिक असते, हे मोजून दाखवले. पुढे एकोणिसाव्या शतकातच स्पष्ट झाले, की खरे ज्वलन शरीरातील पेशीपेशींत चालते. फुप्फुस ही देवघेवीची जागा, आणि रक्त हे ने-आण करणारे वाहन.

मग वर्गात काय सांगावे?

आम्हाला वाटते, पहिली गोष्ट म्हणजे 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द सोडावेत. विश्रांतीत शरीरातून परतणाऱ्या तथाकथित अशुद्ध रक्तातही हिमोग्लोबिनवर सुमारे तीन-चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लक असतो. ते रक्त घाणेरडे नाही, अर्धवट रिकामे झालेले आहे. धमनी म्हणजे हृदयाकडून दूर नेणारी आणि शीर म्हणजे हृदयाकडे आणणारी, एवढी व्याख्या पुरते. मग फुप्फुसधमनी अपवाद राहतच नाही. पूर्वी तिला रक्तावरून नाव दिले होते, आपण दिशेवरून देतो, इतकाच फरक.

दुसरी गोष्ट, श्वसन आणि रक्ताभिसरण हे दोन धडे एका तासापुरते तरी एकत्र आणावेत. मुलांना बसल्या जागी मिनिटभर नाडी आणि श्वास मोजू द्या. मैदानाला दोन फेऱ्या मारून आल्यावर पुन्हा मोजू द्या. दोन्ही आकडे सोबत वाढलेले दिसतील. ते सोबत का वाढले, हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि उत्तर सांगायची घाई करू नये. आजवर 'अपवाद आहे' म्हणून गप्प बसवलेला विद्यार्थीच कदाचित त्याचे उत्तर देईल.