दाताची पाटी आणि रस्त्यावरचा कॅमेरा

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असे आपण सहज म्हणून जातो. पण दाखवायच्या दातांवरच ज्याची भिस्त होती, असा एक व्यवसाय माणसांतही होऊन गेला. दात काढणाऱ्याचा आणि कवळ्या बसवणाऱ्याचा. गुलाबी हिरड्या, त्यांत चुन्यासारखे पांढरे बत्तीस दात आणि खाली एक नाव, अशी रंगवलेली पाटी आपल्याकडच्या बाजारपेठांत अनेकांनी पाहिली असेल. ती वाचण्यासाठी अक्षरओळख लागत नसे आणि कोणती एक भाषाही लागत नसे. ठणकणारी दाढ हाताने दाबून धरलेल्या माणसाला ती बरोबर समजत असे.

ही पाटी आता फारशी दिसत नाही. ती कुठून आली आणि का गेली, याचा इतिहास रंजक आहे. त्या इतिहासाचा बराचसा पुरावा वैद्यकाच्या ग्रंथांत नसून रस्त्यावर काढलेल्या छायाचित्रांत आहे, ही त्याहून रंजक गोष्ट. म्हणून या लेखात दंतवैद्य आणि रस्त्यावरचा छायाचित्रकार या दोघांची कथा एकत्र सांगायची आहे.

सुरुवात पॅरिसपासून करावी लागेल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील ‘पाँ नफ’ या पुलावर ‘थोर थोमा’ म्हणून ओळखला जाणारा एक अवाढव्य माणूस दात उपटत असे. झगमगीत पोशाख, गडगडाटी आवाज आणि भोवती बघ्यांचा गराडा. १७२९ साली राजाला मुलगा झाला, तेव्हा त्याने पंधरा दिवस फुकट दात काढण्याची घोषणा केली आणि पुलावर मेजवानीचा बेतही आखला. गर्दीच्या भीतीने पोलिसांनी ती मेजवानी होऊ दिली नाही. जाहिरातीचे हे तंत्र आजच्या कोणत्याही ‘मोफत शिबिरा’ला शोभेल असे आहे. या मंडळींच्या बोलण्यावर लोकांचा किती विश्वास होता, हे मात्र फ्रेंच भाषेतल्या एका वाक्प्रचारावरून कळते. पक्क्या थापाड्याला तिकडे ‘दात उपटणाऱ्यासारखा खोटे बोलतो’ असे म्हणतात.

त्याच शहरात, त्याच काळात, १७२८ साली पिएर फोशार या शल्यवैद्याने दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आधुनिक दंतवैद्यक तिथून सुरू झाले असे मानतात. रोग्याला जमिनीवर बसवून त्याचे डोके गुडघ्यांत पकडण्याची जुनी रीत फोशारने टाकाऊ ठरवली आणि त्याला खुर्चीत बसवा असे सांगितले. रस्त्यावरच्या भोंदूंच्या युक्त्याही त्याने उघड केल्या. गर्दीतला ‘रोगी’ आधीच ठरवलेला साथीदार असायचा. त्याच्या तोंडातून निघणारा दात आणि रक्त, दोन्हींची तयारी अगोदरच झालेली असायची. एकाच गावात एक माणूस वेदनेचा तमाशा करीत होता आणि दुसरा तीच वेदना खोलीत नेऊन, दार लावून, कमी करू पाहत होता. पुढची दोनशे वर्षे हा झगडा चालू राहिला.

पुलावरचा थोमा आपल्याला कळतो तो लिहिलेल्या वर्णनांतून आणि छापील चित्रांतून. कॅमेरा यायला अजून शंभर वर्षे होती. १८३८ साली दागेर याने पॅरिसच्याच एका रुंद रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्ता वाहता असूनही चित्रात तो ओस दिसतो. ताटावर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत, तेवढ्यात चालणारी माणसे आणि गाड्या निघून जात, त्यांची खूणही राहत नसे. राहिला तो फक्त एक माणूस. तो बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. छायाचित्रात माणूस उमटल्याचे हे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण समजले जाते. रस्त्यावर बसून सेवा देणारा आणि ती घेण्यासाठी थांबलेला गिऱ्हाईक, ही जोडी कॅमेऱ्याच्या इतिहासात पहिल्या पानापासून आहे, ती अशी.

पुढे १८७७ साली जॉन थॉमसन याने लंडनच्या रस्त्यांवरील जीवनाची छायाचित्रे मासिक भागांत प्रसिद्ध केली. सोबतचा बराच मजकूर अ‍ॅडॉल्फ स्मिथ या पत्रकाराचा होता. त्यात खोकल्याच्या गोळ्या आणि मलम विकणारा ‘रस्त्यावरचा डॉक्टर’ आहे, भिंतीवर जाहिराती चिकटवणारे मजूर आहेत, पाठीपोटावर फळ्या लटकवून फिरणारे जाहिरातवाले आहेत. छायाचित्रासाठी या सर्वांना थोडा वेळ स्तब्ध उभे करावे लागले असणार; तरीही त्यांचे कपडे, पेट्या, पाट्या आणि चेहरे खरे आहेत. पॅरिसमध्ये अ‍ॅत्जे याने जवळजवळ तीस वर्षे जड लाकडी कॅमेरा खांद्यावरून वाहत जुनी दुकाने, फेरीवाले, दरवाजे आणि पाट्या टिपल्या. तो स्वतःला कलावंत म्हणवत नसे. चित्रकारांना उपयोगी पडणारी चित्रे विकून पोट भरत असे. १९२७ साली तो वारला. बेरेनिस अ‍ॅबट या अमेरिकन बाईंनी त्याच्या काचा आणि छायाचित्रे विकत घेऊन जपली म्हणून त्या वाचल्या. १९६८ साली त्या न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतल्या. एका बाईने त्या वेळी हात आखडता घेतला असता, तर जुन्या पॅरिसचा केवढा तरी भाग आज कोणाला दिसला नसता.

दरम्यान अटलांटिकपलीकडे दंतवैद्यकात मोठी उलथापालथ झाली होती. १८४६ साली बॉस्टन येथे मॉर्टन या दंतवैद्याने ईथर देऊन शस्त्रक्रियेतली वेदना थांबवता येते हे जाहीरपणे दाखवले. १८८४ नंतर कोकेनने तेवढीच जागा बधिर करण्याची युक्तीही सापडली. ‘वेदनारहित’ हा शब्द आता अगदीच थाप राहिला नव्हता आणि म्हणूनच तो विकाऊ झाला.

तो विकणारा सर्वांत नामांकित माणूस म्हणजे एडगर पार्कर. १८७२ साली कॅनडात जन्मलेला हा गृहस्थ १८९२ साली फिलाडेल्फियाच्या दंतमहाविद्यालयातून रीतसर शिकून बाहेर पडला. गावी दवाखाना थाटला, पण रोगी फिरकेना. रोगी मागायला जाणे त्या काळच्या व्यावसायिक शिष्टाचारात बसत नव्हते. पार्करने शिष्टाचार बाजूला ठेवला, घोडागाडी घेतली, बॅण्डवाले जमवले आणि सर्कशीच्या धंद्यातला एक माणूस हाताशी धरला. पन्नास सेंटमध्ये दात काढू, दुखले तर पाच डॉलर परत देऊ, असा त्याचा पुकारा. औषध लागू पडले नाही तर बॅण्ड जोरात वाजे. रोग्याची किंकाळी बघ्यांपर्यंत पोहोचत नसे. एका दिवसात उपटलेल्या ३५७ दातांची म्हणून एक माळ तो गळ्यात घालून मिरवी. पुढे कॅलिफोर्नियात स्वतःच्या खऱ्या नावानेच व्यवसाय करण्याचे बंधन आले, तेव्हा १९१५ साली त्याने कायदेशीररीत्या आपले नावच ‘पेनलेस पार्कर’ करून घेतले! १९५२ साली तो वारला, तोवर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या दवाखान्यांची साखळी उभी राहिली होती. ती माळ आणि दातांनी भरलेली त्याची बादली फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठाच्या दंतसंग्रहालयात आहे.

पार्करला नुसता भोंदू म्हणून सोडून देता येत नाही. ज्या सामान्य माणसांना दंतवैद्याचे दार माहीत नव्हते, त्यांच्यापर्यंत तो स्वस्तात पोहोचला. दात सांभाळण्याचे महत्त्व त्याने चव्हाट्यावर सांगितले. पण बॅण्डचा आवाज आपण विसरू नये. जाहिरात आरोळीची असते, तशी किंकाळी दडवण्याचीही असते.

आपल्याकडे ही कथा निराळ्या वाटेने गेली. जत्रेत, आठवडी बाजारात जडीबुटी घेऊन बसणारे वैदू दातदुखीवर इलाज करीत आणि दातही काढीत. शहरांत त्यांच्या जोडीला चिनी दंतवैद्य आले. कलकत्त्यातील चिनी वस्तीत हूपे प्रांतातून आलेली घराणी दंतव्यवसायात होती. बाप मुलाला शिकवी आणि हात बसला की मुलगा दुसऱ्या गावी दुकान काढी. ‘चायनीज डेंटिस्ट’ या पाट्या अनेक शहरांत लागल्या. रीतसर शिक्षणाची सोय मात्र १९२० पर्यंत नव्हती. त्या वर्षी डॉ. आर. अहमद यांनी कलकत्त्यात देशातले पहिले दंतमहाविद्यालय काढले. त्याच्या खर्चासाठी त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे शीतपेयांचे दुकान चालवले. गोड पेयांच्या पैशावर दातांचे कॉलेज उभे राहावे, हा योग मजेचाच. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ सालचे. गोव्यात अशी संस्था यायला १९८० साल उजाडले.

१९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद स्थापन झाली. पदवी नसलेल्या पण अनेक वर्षे याच धंद्यावर जगणाऱ्यांसाठी नोंदवहीत ‘ब’ भाग ठेवला गेला. कायद्यातला हा मला शहाणपणाचा भाग वाटतो. जुन्या हातांना एका रात्रीत गुन्हेगार न ठरवता नव्यांसाठी दार बदलले. मग १९७६ साली आचारसंहितेचे नियम आले. मोठमोठ्या पाट्या, लुकलुकणारे दिवे आणि ‘वेदनारहित दात काढणे’ यांसारखे शब्द दंतवैद्याला अशोभनीय ठरले. पाटीवर नाव आणि पदवी, एवढेच उरले. थोमा आणि पार्कर हरले आणि फोशार जिंकला, असे म्हणायला हरकत नाही. रोग्याच्या दृष्टीने ते बरेच झाले. मात्र एक लहानशी गोष्ट त्यात हरवली. निरक्षराला आणि परभाषकाला कळणारे चित्र गेले आणि त्या जागी इंग्रजी अक्षरांची माळ आली.

फुटपाथवर चटई टाकून बसणारा दातवाला त्यानंतरही काही शहरांत टिकला आणि परदेशी प्रवाशांच्या कॅमेऱ्याचे आवडते गिऱ्हाईक बनला. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने छायाचित्रकाराचे हात मोकळे केले होते. खिशात मावणाऱ्या यंत्राने, समोरच्याला कळायच्या आत चित्र टिपता येऊ लागले. यातला नैतिक पेच उघड आहे. तोंड उघडून, डोळे मिटून बसलेल्या गरीब माणसाचे चित्र त्याला न विचारता काढायचे आणि दूरच्या देशात गंमत म्हणून छापायचे, हे पुलावरच्या थोमापेक्षा फार वेगळे नाही. दोन्हीकडे एकाची वेदना दुसऱ्यांच्या करमणुकीची होते. चांगला छायाचित्रकार ओळखावा तो इथे. रघुवीर सिंह यांची मुंबईची रंगीत छायाचित्रे पाहावीत. माणसे, काचा, प्रतिबिंबे आणि पाट्या एकाच चौकटीत दाटलेल्या असतात, कोणी एकटा माणूस नमुना म्हणून सुटा काढून ठेवलेला नसतो. रस्ता हा सगळ्यांचा असतो, हे त्यांत दिसते.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. सीमाभागात पाटी ही नुसती पाटी नसते. ती कोणत्या लिपीत, वरची ओळ कोणाची, अक्षरे किती मोठी, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो आहोत. महाराष्ट्राने २०२२ साली लहानमोठ्या सर्वच दुकानांवर मराठी देवनागरी पाटी बंधनकारक केली. कर्नाटकाने २०२४ साली पाटीचा साठ टक्के भाग कन्नडसाठी ठरवला. दोन्ही नियमांमागे आपापल्या भाषेचे प्रेम आहे. त्यावर वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. पण प्रत्येक नियमाबरोबर पेंटरचा ब्रश फिरतो आणि खालची जुनी अक्षरे कायमची जातात. आपल्या बाजारपेठेत पन्नास वर्षांपूर्वी कोणती भाषा कुठे, कोणाशेजारी नांदत होती, हे उद्या कोणी विचारले तर काय दाखवणार? आठवणी दाखवाल, तर त्या ज्याच्या त्याच्या सोयीच्या असतात.

पुरावा आहे, आणि तो बहुधा आपल्याच घरात आहे. फोटो स्टुडिओत काढलेल्या चित्रांत तो सापडणार नाही. तिथे मागे रंगवलेला पडदा असतो. गणपतीची मिरवणूक, वरात, दुकानाच्या उद्घाटनाचा दिवस, शाळेची प्रभातफेरी, अशी बाहेर काढलेली चित्रे पाहावीत. छायाचित्रकाराचे लक्ष पुढच्या माणसांवर होते. मागे मात्र पूर्ण बाजार उभा आहे. मराठी किराणा दुकान, कन्नड खानावळ, उर्दू घड्याळजी, इंग्रजी औषधालय आणि माडीवर रंगवलेली ती कवळी. चौकटीच्या कडेला नकळत आलेली ही पाटी कोणाची बाजू घेण्यासाठी उभी नव्हती, म्हणून तिची साक्ष मोलाची.

या दिवाळीत फराळ झाल्यावर एखाद्या दुपारी जुना अल्बम उघडावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे आणि पुढच्या माणसांची नावे विचारून झाली की मागच्या दुकानांचीही विचारावीत. गाव, रस्ता आणि साल फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. शाईचा डाग पुढच्या बाजूला उतरतो. कन्नड किंवा तेलुगू पाटी वाचता येत नसेल तर शेजारच्यांकडून वाचून घ्यावी. त्यांच्याही अल्बमात आपली एखादी मराठी पाटी असेलच. ती त्यांनाही वाचून हवी असणार.