वाळवंटातलं पाणी आणि पाण्याखालचं गाव

  चहाचा कप भरून घ्या, कारण आजची गोष्ट जरा लांबची आहे. अंतरानंही आणि काळानंही.

मे महिना लागला की आपल्याकडे ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते: यंदा लाँग वीकएंडला कुठे जायचं? कुणी अल्गॉनक्विन म्हणतं, कुणी ब्रॉन्टे क्रीकच बरं म्हणतं, घरी लवकर परतता येतं म्हणून. गेल्या काही वर्षांत आणखी एक नाव कानावर येतं, लेक पॉवेल. अ‍ॅरिझोना आणि युटाच्या सीमेवरचा, लाल कड्यांमधला निळाशार तलाव. चार कुटुंबांनी मिळून हाऊसबोट घ्यायची, दिवसा पोहायचं, रात्री वाळूवर तंबू ठोकायचा. जाऊन आलेल्यांचे फोटो पाहिले की आपला लेक ऑन्टॅरिओ एकदम करडा वाटायला लागतो.

पण हा तलाव निसर्गानं केलेला नाही. तो धरणाचा फुगवटा आहे, आपल्या उजनीसारखा, आणि त्याच्या तळाशी एक अख्खी दरी आहे.

तिची गोष्ट सुरू होते 24 मे 1869 रोजी. जॉन वेस्ली पॉवेल नावाचा, अमेरिकन यादवी युद्धात उजवा हात गमावलेला माणूस, नऊ सोबती आणि चार लाकडी होड्या घेऊन वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हरवरून निघाला. पुढे काय आहे याचा नकाशा कुणाकडेच नव्हता. पंधरा-वीस दिवसांतच एक होडी खडकांवर फुटली आणि तिच्याबरोबर बराच शिधाही गेला. एक जण कंटाळून परतला. तीन जण ऑगस्टच्या अखेरीला, प्रवास संपायला दोनच दिवस उरले असताना, समोरच्या भयंकर उतारावर होडी घालायला नको म्हणून कडा चढून निघून गेले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. 30 ऑगस्टला पॉवेल बाहेर पडला तेव्हा दोन होड्या आणि सहा माणसं उरली होती.

या सगळ्या खडतर प्रवासात एकच टापू असा होता जिथे नदी शांत वाहत होती. दोन्ही बाजूंना गुळगुळीत लाल दगडाचे कडे, मधूनमधून झऱ्यांच्या काठी नेच्यांनी भरलेल्या थंड घळी. पॉवेलनं तिला नाव दिलं ग्लेन कॅन्यन. एका घळीत दगडाचा असा घुमट होता की आवाज घुमत राहायचा. पॉवेलच्या भावानं तिथे रात्री गाणं म्हटलं आणि त्या जागेचं नाव पडलं म्युझिक टेंपल, संगीताचं देऊळ. थकलेली, अर्धपोटी माणसं त्या रात्री वाळूवर झोपली. कॅम्पिंग म्हणायचं तर हे खरं कॅम्पिंग.

ते देऊळ आज पाण्याखाली आहे, आणि तलावाला नाव आहे पॉवेलचंच. मला यातला विरोधाभास नेहमी टोचतो. कारण याच पॉवेलनं 1878 च्या आपल्या अहवालात सरकारला सांगितलं होतं की पश्चिमेकडची बहुतेक जमीन कोरडी आहे आणि तिथे शेती जपूनच पसरवावी लागेल. 1893 साली लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत तो उभा राहिला आणि म्हणाला की एवढ्या जमिनीला पुरेल इतकं पाणीच नाही, तुम्ही पुढच्या पिढ्यांसाठी भांडणं वाढून ठेवताय. लोकांनी हुर्यो उडवली.

मग 1922 चा करार आला. कोलोरॅडो नदीचं पाणी सात राज्यांत वाटायचं ठरलं. वरच्या खोऱ्याला 75 लाख एकर-फूट, खालच्याला तेवढंच. आपल्या हिशेबात सांगायचं तर प्रत्येकी सुमारे 327 टीएमसी. पण ज्या वर्षांच्या नोंदी पाहून हे आकडे काढले, ती नेमकी भरपूर पावसाची वर्षं होती. नदीत नव्हतं तेवढं पाणी कागदावर वाटलं गेलं. आणि ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या या नदीकाठी गेल्या, त्या मूलनिवासी जमातींना बैठकीला बोलावलंच नव्हतं. कृष्णेच्या पाण्याचे लवाद ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला यातलं काही नवीन वाटू नये.

धरणाला 1956 साली मंजुरी मिळाली. आधी एक धरण वर, राष्ट्रीय स्मारकातल्या इको पार्क नावाच्या भागात होणार होतं. सिएरा क्लबच्या डेव्हिड ब्राऊर यांनी देशभर रान उठवून ते थांबवलं. त्या तडजोडीत ग्लेन कॅन्यनचं धरण मात्र तसंच पुढे गेलं, कारण ती दरी फारशी कुणी पाहिलेलीच नव्हती. ब्राऊरनी नंतर पाहिली. आयुष्यभर त्यांना त्याची खंत राहिली.

13 मार्च 1963 रोजी दारं बंद झाली. 216 मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे पाणी साचायला लागलं आणि तलाव काठोकाठ भरायला सतरा वर्षं लागली, 22 जून 1980 पर्यंत. बुडण्यापूर्वी पुरातत्त्ववाल्यांनी दरीत धावपळ करून दोन हजारांहून अधिक जागांची नोंद केली: घरं, धान्याची कोठारं, दगडावरची चित्रं. नोंद झाली, जागा गेल्या.

तीनच वर्षांनी, 1983 च्या उन्हाळ्यात, डोंगरातलं बर्फ एकदम वितळलं आणि पाणी धरणाच्या माथ्याच्या जवळ आलं. सांडव्याच्या बोगद्यांत पाण्याच्या वेगानं काँक्रीट उखडून खड्डे पडले. आणि अभियंत्यांनी काय केलं? दारांच्या वर प्लायवूडच्या फळ्या उभ्या केल्या. जगातल्या एका मोठ्या धरणाला त्या उन्हाळ्यात प्लायवूडनं हात दिला. आमच्या शेजारी रिनोव्हेशन करणारा गृहस्थ ही गोष्ट ऐकून फार खूश झाला होता.

आम्ही चार कुटुंबं तिथे गेलो होतो. टोरोंटोहून लास वेगास, तिथून गाडीनं साडेचार तास पेज गावापर्यंत. पेज हे गावच मुळी 1957 मध्ये धरणाच्या कामगारांसाठी वसवलेलं, नावाहो लोकांकडून जमीन अदलाबदलीत घेऊन. पहिली मजा घड्याळाची. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, युटामध्ये करतात, आणि तलाव दोन्हीकडे. फोन दर वळणावर तास बदलतो. शेवटी आम्ही वेळ ठरवायची ती सावलीवर.

हाऊसबोट चालवणं म्हणजे बंगला ढकलण्यासारखं आहे. दुपारनंतर वारा उठतो, म्हणून लवकर वाळूचा किनारा गाठायचा, नाक वाळूत चढवायचं आणि दोन्ही बाजूंना नांगर वाळूत खोल पुरून दोर ताणायचे. चार माणसांना पाऊण तास फावडं मारावं लागतं. घाण पाण्यात जाता कामा नये, अगदी शौचाचीसुद्धा सगळी व्यवस्था सोबत न्यावी आणि परत आणावी लागते. जुलै ते सप्टेंबर अरुंद घळीत झोपायचं नाही. पाऊस दहा मैलांवर पडतो आणि लोंढा तुमच्या तंबूत येतो.

कड्यांवर पाण्याच्या वर एक पांढरा पट्टा दिसतो. पाणी जिथवर चढलं होतं तिथवर चुन्याचा थर बसलाय. एप्रिल 2023 मध्ये तलाव पूर्ण पातळीपेक्षा सुमारे 55 मीटर खाली गेला होता, क्षमतेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. बोटीच्या गच्चीवरून तो पट्टा बघताना आमच्यातला एक मित्र एकदम म्हणाला, "अरे, ही तर उजनी मायनसमध्ये गेल्यासारखी दिसते."

तो इंदापूरकडचा. त्याच्या आजीचं माहेर पळसदेव. भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं तेही 1980 सालीच. तेही कोरड्या मुलखात, सोलापूर-पुण्याच्या अवर्षण पट्ट्यात. यशवंतसागर नाव, 117 टीएमसी साठा, पैकी निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारातून सहज बाहेर न काढता येणारं पाणी. लेक पॉवेल पूर्ण भरला तर साधारण दहा उजन्या बसतील. पळसदेवचं जुनं गाव फुगवट्यात गेलं आणि लोक वर नव्या गावठाणात आले. पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ मात्र तिथेच राहिलं. पावसाळ्यात शिखर तेवढं दिसतं. दुष्काळाच्या उन्हाळ्यात आख्खं देऊळ उघडं पडतं आणि माणसं होडीनं, कधी चालत, दर्शनाला जातात.

त्या रात्री वाळूवर शेकोटीजवळ तो सांगत होता. आजी दुष्काळाला शिव्या द्यायची, पण देऊळ उघडं पडलं की नवी साडी नेसून निघायची. देवळाकडून हात करून दाखवायची, इथे आमचा वाडा, इथे चिंच, इथे भाऊ विहिरीत पडला होता. नातवाला चिखल आणि दगड दिसायचे. मुलं ऐकत होती. त्यातल्या एकीनं विचारलं, "मग आपल्या खाली पण कुणाची आजी राहायची का?" कुणी लगेच उत्तर दिलं नाही.

उत्तर आहे. तलावाच्या दक्षिण किनाऱ्याला नावाहोंची भूमी आहे. तिथे रेनबो ब्रिज म्हणून दगडाची 88 मीटर उंच नैसर्गिक कमान आहे, त्यांच्या दृष्टीनं पवित्र. तलावाचं पाणी तिच्या पायथ्याशी पोहोचलं, बोटींनी पर्यटक यायला लागले. काही नावाहो लोक कोर्टात गेले आणि 1980 मध्ये अपिलातही हरले. आज तिथले रेंजर पाहुण्यांना विनंती करतात की कमानीखालून चालत जाऊ नका. विनंतीच आहे. आम्ही गेलो नाही. मुलांना पटवून सांगावं लागलं नाही.

पाणी उतरल्यावर तिकडेही जुन्या जागा वर येताहेत. कॅथेड्रल इन द डेझर्ट नावाची घळ 2005 मध्ये पुन्हा दिसली, बाजूच्या ओढ्यांत झाडं उगवायला लागलीत. बघायला लोक धावतात. हे दुष्काळाचं दान आहे, आणि चार कोटी माणसं त्याच नदीचं पाणी पितात, हेही खरं. उजनीचंही तसंच. सोलापूर, पंढरपूर त्याच पाण्यावर आहेत, ऊस त्यावरच उभा आहे. धरण नकोच होतं असं मला म्हणता येत नाही. पण फुगवट्यानं तोडलेल्या वाटा अजून होडीनं ओलांडाव्या लागतात. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. आपण हौसेनं लाइफ जॅकेट घालून बसतो त्याच तऱ्हेच्या पाण्यावर तिकडे लोक रोजच्या कामाला जातात.

आणि हे बघायला अ‍ॅरिझोनालाच जायला हवं असं नाही. 401 वरून पूर्वेला पाचेक तासांवर, कॉर्नवॉलजवळ, 1 जुलै 1958 रोजी, म्हणजे आताच्या कॅनडा डेला सकाळी बांध उडवला आणि चार दिवसांत सेंट लॉरेन्सचं पाणी गावांवर चढलं. सीवे आणि वीजप्रकल्पासाठी. सुमारे साडेसहा हजार माणसं उठली. पाचशेहून जास्त घरं तर आख्खीच्या आख्खी मोठ्या गाड्यांवर चढवून इंगलसाइड आणि लाँग सो या नव्या गावांत नेली. ऑल्ट्सव्हिल, मूलिनेट, मिल रोश, वेल्स, डिकिन्सन्स लँडिंग. या गावांना आता लॉस्ट व्हिलेजेस म्हणतात. लाँग सो पार्कवे ज्या बेटांवरून जातो ती बेटं म्हणजे पूर्वीच्या टेकड्या. त्यांवर कॅम्पग्राउंड आहेत, छोटी बोट सोडता येते, आणि पाणी स्वच्छ असलं तर काठावरून आत उतरत जाणारा जुना रस्ता दिसतो. जवळच ऑल्ट पार्कमध्ये वाचवलेल्या इमारतींचं संग्रहालय आहे. या उन्हाळ्यात मुलांना घेऊन जा. लेक पॉवेलच्या मानानं खर्चही नगण्य.

जाता जाता एक विनंती. आपल्या श्रोत्यांत पळसदेवचे, कोयनेच्या शिवसागराखालचे, पानशेत-वरसगावचे, जायकवाडीचे लोक नक्की असतील. ज्यांच्या घरात अजून कुणी जुनं गाव पाहिलेलं माणूस आहे, त्यांनी फोनवर त्यांच्याशी बोलून वाड्यांची, विहिरींची, झाडांची नावं लिहून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. आवाज रेकॉर्ड केलात तर आणखी चांगलं. जूनच्या शेवटच्या रविवारी आपण ती नावं इथून वाचून दाखवू.