सांभाळणाऱ्यांचा इतिहास: विस्मरण, कायदा आणि घर (थ्रेड)

१/१४
'साठी बुद्धी नाठी' ही म्हण घराघरांत ठाऊक आहे. ज्याची बुद्धी नाठी होते त्याच्यावर म्हणी आहेत, विनोद आहेत. त्याला रात्रंदिवस सांभाळणाऱ्या माणसाविषयी मात्र कायद्याने, वैद्यकाने आणि समाजाने शंभर वर्षांत काय विचार केला? हा धागा त्या सुनेचा, लेकीचा आणि पत्नीचा.

२/१४
१९१२ साली ब्रिटिश हिंदुस्थानात 'इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट' आला. शिंदखेडा तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. मनोविकल व्यक्तीची घरी आबाळ किंवा छळ होत असल्याचे दिसल्यास दंडाधिकारी नातेवाइकाला तिचा नीट सांभाळ करण्याचा हुकूम देऊ शके. हुकूम जाणूनबुजून मोडल्यास शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद.

३/१४
छळ झालेल्या रुग्णाला संरक्षण हवेच होते. परंतु या कायद्यात कुटुंब भेटते ते मुख्यतः अर्जदार म्हणून किंवा संभाव्य आरोपी म्हणून. सांभाळ कसा करावा, करणारा थकला तर त्याने कोणाकडे जावे, याची तरतूद त्यात नाही. पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, देश स्वतंत्र झाला. कायदा मात्र १९९३ पर्यंत टिकला.

४/१४
दुसरा मार्ग मनोरुग्णालयाचा. महाराष्ट्रातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर येथे. खानदेशात त्यांपैकी एकही नाही. शिंदखेड्याहून ठाणे तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. शिवाय या संस्था उभ्या राहिल्या त्या मुख्यतः हिंसक वा बेवारस रुग्णांसाठी. विसरणारी आजी घरीच राहिली.

५/१४
याच काळात, ३ नोव्हेंबर १९०६ रोजी, जर्मनीतील ट्युबिंगेन येथे अलॉइस अल्झायमर यांनी ऑगुस्ट डेटर या स्त्रीच्या मेंदूतील बदलांची माहिती मांडली. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. पुढे कित्येक दशके तो मध्यमवयातील दुर्मीळ आजार मानला गेला. म्हाताऱ्यांचे विस्मरण म्हणजे 'वय झाले', ही समजूत युरोपातही होती.

६/१४
आपल्या भाषेतही दोष कोणाचा, हा प्रश्न दडलेला आहे. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो. तेथे क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश अशी अधोगतीची साखळी आहे. आजाराचा संबंध नाही. बोलीतला शब्द 'म्हातारचळ', आणि त्यात उपहास आहे.

७/१४
हा दोष माणसावरून घरावर कसा सरकतो, हे गोव्यात नोंदले गेले. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना डिमेन्शियाची लक्षणे ओळखीची होती, पण तो आजार वाटत नव्हता. कारण विचारले की उत्तर येई: मुलांनी प्रेम केले नाही, दुर्लक्ष केले, छळ केला.

८/१४
मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी वाराणसीतील वार्धक्यावर १९९८ मध्ये ग्रंथ लिहिला. वृद्धाचे भ्रमिष्ट बोलणे तेथे 'वाईट कुटुंबा'ची खूण ठरते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे जी सून रात्री तीनदा उठून सासूला अंथरुणात परत आणते, तिच्याच माथी सासूच्या आजाराचा दोष येतो.

९/१४
१९९८ मध्येच कोची येथे '१०/६६ डिमेन्शिया संशोधन गट' जन्मला. नावाचा अर्थ: डिमेन्शिया असलेले ६६ टक्के लोक विकसनशील देशांत, आणि लोकसंख्याधारित संशोधन मात्र त्यांच्यावर १० टक्क्यांहूनही कमी. सांभाळणाऱ्या बहुतेक स्त्रिया असल्याचे या गटाला आढळले. मोठ्या कुटुंबातही त्यांच्यावरील ताण पाश्चात्त्य देशांइतकाच होता. 'एकत्र कुटुंब सगळे निभावते' या समजुतीला हा धक्का होता.

१०/१४
मग गोव्यात एक प्रयोग झाला. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबे निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने ४१ कुटुंबांना लगेच मदत मिळाली; उरलेल्यांना सहा महिन्यांनंतर. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

११/१४
मदत करणारे डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा येणारे, शक्यतो बारावीपर्यंत शिकलेले, अल्प प्रशिक्षण घेतलेले 'गृहसेवा सल्लागार' घरी येत. हा आजार आहे, कोणाचा अपराध नाही, हे समजावून सांगत. चिडचीड, भटकणे, रात्रीची जाग कशी हाताळावी ते दाखवत. गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाची गाठ घालून देत, सरकारी योजनांची माहिती देत. सांभाळणारीचे ऐकून घेत.

१२/१४
सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य लक्षणीय सुधारले. रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्रासही घटला. रुग्णाच्या लक्षणांत मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही. प्रयोग लहान होता. त्या काळात १८ रुग्ण मरण पावले. तरीही एक गोष्ट दिसली: आजार हटत नसला तरी तो सोसणाऱ्या घराचा भार हलका करता येतो, आणि त्यासाठी मोठे रुग्णालय लागत नाही.

१३/१४
त्याच सुमारास, २००७ मध्ये, संसदेने ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड. कायदा आवश्यक होता, पण सूर १९१२ चाच. २०२३ मधील देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे. प्रमाण ग्रामीण भागात अधिक. शिंदखेडा तालुक्यातून सुरतेला कामासाठी जाण्याची वाट जुनी आहे. तापी खोऱ्यातल्या रेल्वेने ती सोपी केली. मुलगा गिरणीत गेला की मागे शेत, लेकरे आणि सासू एकाच बाईच्या वाट्याला येतात. तिच्या गावात आशा सेविका आहे. गोव्यातले सल्लागार शिक्षणाने तिच्याहून फार वेगळे नव्हते.

१४/१४
कायद्यांची कलमे दप्तरात आहेत, मनोरुग्णालयांच्या नोंदवह्या आहेत. घरी सांभाळणाऱ्या बाईने मात्र कागद मागे ठेवला नाही. तो इतिहास अजून आठवणींत आहे, आणि आठवणीच नाहीशा करणारा हा आजार आहे. तेव्हा इतिहासाची आवड असणाऱ्याने घरातल्या थोरल्या बाईला एवढे जरूर विचारावे: आपल्या घरात म्हातारपणी कोण विसरू लागले होते, त्यांना कोणी सांभाळले, आणि सांभाळणारीला कोणी विचारले होते का?