गाळा, कागद आणि होन्या

तळेघरला रस्त्याकडेला आपल्या एका पोराला शिवणकामाचा गाळा टाकायचा होता. जागा एका महादेव कोळी म्हाताऱ्याच्या सातबाऱ्यावरची. भाडं ठरलं, चहा झाला. कागद करायला घोडेगावला गेले, तर अर्ज लिहिणारा म्हणाला, आधी कलेक्टरची परवानगी आणा. पोरगं भडकलं. म्हणालं, आम्ही काय सावकार हाये?

सवाल खरा आहे. पण तो इतिहासाला विचारा.

आंबेगावच्याच डोंगरपट्ट्यात जांभोरी. तिथला होन्या भागोजी केंगले. 1873 च्या सुमारास त्यानं कोळी गडी जमवले आणि सावकारांवर धाडी घातल्या. नाकं कापली. कारण रान गेलं ते लढाईत नाही, कागदावरच्या अंगठ्यानं गेलं. वाचता न येणाऱ्याचा अंगठा! मे 1875 मध्ये सुप्याला कुणबी उठले, त्यांनीही आधी धरल्या त्या सावकाराच्या वह्या आणि खतंच. होन्याला 1876 त पकडलं. 1879 त सरकारनं शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तरी आदिवासीची जमीन सुटतच राहिली.

म्हणून 1974 त महसूल संहितेत कलम 36-अ घातलं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकणं सोडाच, भाडेपट्ट्यानं द्यायची तरी कलेक्टरची मंजुरी लागते. पट्टा पाच वर्षांवरचा असला तर वर शासनाची मान्यता. आणि कलेक्टरनं आधी बघायचं, की त्या गावात नाहीतर पाच किलोमीटरच्या आत घ्यायला तयार असा आदिवासी कुणी आहे का. असला, तर आपल्या पोराचा अर्ज तिथंच खलास.

आता आपल्या घरात डोकवा. महार वतनाच्या बेड्या तोडायला बाबासाहेबांनी 1928 त कौन्सिलात बिल आणलं. वतनं गेली 1958 च्या कायद्यानं. जमीन परत मिळाली, पण अट तीच: कलेक्टरला विचारल्याबिगर हस्तांतर नाही. तेव्हा आपले म्हातारेही असेच करवादले असतील. तरी वतनाच्या किती जमिनी कवडीमोलानं गेल्या, ते ज्याच्या त्याच्या गावात विचारा.

मधला माणूस लगेच भेटलाच. म्हणाला, एखाद्या कोळ्याच्या नावावर गाळा दाखव, धंदा तू कर, साध्या स्टँपवर लिहून घेऊ. पोरगं जवळजवळ तयार झालं होतं. मी रात्रपाळी करून गाडी धरली, त्याच्याशी भांडलो. उद्या त्याच नावाच्या माणसानं हाकललं तर हातात काय? आणि आज शिलाई मशीन शिरेल त्याच वाटेनं उद्या बंगलेवाला शिरेल. भीमाशंकरचा रस्ता आहे तो, गिऱ्हाईक कमी नाही.

अर्ज टाकलाय. म्हातारा बरोबर आला, सही करायला शिकलाय तो. मशीन अजून घरात गोधडीखाली झाकून आहे.