एकट्याने न लढलेले युद्ध

बिद्रीहून गारगोटीकडे निघाले की वाटेत मुदाळ तिट्टा लागतो. तिथल्या सूतगिरणीला हुतात्मा स्वामी-वारके यांचे नाव आहे. डिसेंबर १९४२ मध्ये क्रांतिकारकांनी गारगोटीच्या कचेरीवर हल्ला केला, त्यात करवीरय्या स्वामी, नारायण वारके आणि त्यांचे साथीदार असे सात जण धारातीर्थी पडले. आमच्या भागातल्या शाळकरी पोरालाही हे वेगळे सांगावे लागत नाही. पण त्याच काळात याच मुलखातले कितीतरी तरुण अंगावर खाकी चढवून ब्रिटिशांच्या बाजूने परदेशात लढत होते. त्यांच्याविषयी विचारले, तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. शिरोळ तालुक्यातले टाकळी हे गाव 'सैनिक टाकळी' म्हणून ओळखले जाते. पण असे एखादेच गाव. बाकी ठिकाणी ही आठवण माळ्यावरच्या ट्रंकेत पडून आहे.

आपण विसरलो, पण ज्यांच्यासाठी ते लढले त्यांनी तरी लक्षात ठेवले का?

ब्रिटनच्या मनात दुसऱ्या महायुद्धाचे एक चित्र पक्के बसले आहे. १९४० चा उन्हाळा, फ्रान्स पडलेला, समोर हिटलर आणि समुद्राकाठी एकटे उभे असलेले चिमुकले बेट. डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराने त्या जून महिन्यात नेमके हेच चित्र काढले होते: लाटांच्या माऱ्यात कड्यावर मूठ उगारून उभा असलेला एकटा शिपाई. गंमत अशी, की पुढच्याच महिन्यात 'पंच' साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्राने या एकटेपणाची थट्टा केली. साम्राज्य बिचारे एकटे पडले, असे एक जण म्हणतो आणि दुसरा त्याला दुजोरा देतो, की होय, आपण पन्नास कोटी माणसे अगदी एकटी! त्या पन्नास कोटींत आपणही होतो. पुढे थट्टा विसरली गेली आणि एकटेपणा तेवढा उरला.

भारताला या युद्धात ओढले, तेही न विचारता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. तरीही युद्ध संपेपर्यंत भारतीय फौजेची संख्या २५ लाखांच्या घरात गेली. सक्तीची भरती नव्हती. कुणी पोटासाठी गेले, कुणी घराण्याची रीत म्हणून, कुणी गावातल्या मित्रामागून. त्यांतले सुमारे ८७ हजार परत आले नाहीत.

क्रिस्टोफर नोलन यांचा 'डंकर्क' हा सिनेमा २०१७ मध्ये आला. सैन्याच्या त्या माघारीवरचा हा देखणा चित्रपट जगभर गाजला. पण फ्रान्सच्या त्या मोहिमेत भारतीय खेचरदळाच्या चार तुकड्या होत्या, हे त्यातून कळत नाही. डिसेंबर १९३९ मध्ये त्या मार्सेय बंदरात उतरल्या. त्यांत बहुतेक पंजाबी मुसलमान होते. एक तुकडी जर्मनांच्या हाती सापडली. दोन तासांच्या सिनेमात सगळेच मावत नाही, हे मान्य. पण दर वेळी न मावणारे तेच असतील, तर प्रश्न जागेचा राहत नाही.

शाळेतले चित्रही पाहू. इंग्लंडमध्ये २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात ११ ते १४ वयाच्या मुलांसाठी विसाव्या शतकातले काही विषय उदाहरणादाखल सुचवले आहेत. त्यात दुसरे महायुद्ध आणि चर्चिल यांचे नेतृत्व हा एक, तर भारताचे स्वातंत्र्य आणि साम्राज्याचा शेवट हा दुसरा. दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या ओळींवर. हिटलरशी झुंजणारे चर्चिल आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली तेव्हाचे पंतप्रधान चर्चिल, हे एकच गृहस्थ होते, हे त्या पोराला कुणी जोडून दाखवले तरच कळणार. जून २०२० मध्ये लंडनच्या पार्लमेंट चौकातल्या त्यांच्या पुतळ्यावर निदर्शकांनी 'वंशद्वेष्टा' असा शब्द रंगवला, तेव्हा तिथे मोठा गहजब झाला. दोन ओळी अचानक एकमेकींवर आदळल्या की असेच होते.

हे विस्मरण फक्त काळ्या-सावळ्यांच्या वाट्याला आले असेही नाही. आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचीच गोष्ट घ्या. रशियाने सैबेरियात हद्दपार केलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले. पोलिश सैनिक तेव्हा ब्रिटनच्या बाजूने लढत होते. पण ८ जून १९४६ रोजी लंडनमध्ये विजयाचे संचलन निघाले, त्यात या पोलिश फौजा नव्हत्या. पोलंडमधल्या नव्या, रशियाच्या कलाने चालणाऱ्या सरकारला ब्रिटनने मान्यता दिली होती. राजकारण बदलले आणि सोबती गळाले.

त्या पोलिश मुलांनी मात्र कोल्हापूर विसरले नाही. २०१७ मध्ये वॉर्साला कोल्हापूरच्या नावाने स्मारक उभे राहिले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. आठवण ठेवायला साम्राज्य लागत नाही, आसरा मिळालेले मन पुरते.

इटलीनेही असेच केले. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. २२ वर्षांच्या यशवंतरावांनी एकट्याने धाव घेऊन ते ठाणे काबीज केले आणि तिथेच प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकट्याने लढणे खरे कशाला म्हणावे, ते इथे दिसते. २०२३ मध्ये मोंतोने या गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले.

ब्रिटननेही काही केले नाही असे नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनला राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते स्मृतिद्वारांचे उद्घाटन झाले. पण दगडाची कमान उभारणे सोपे, मनातले चित्र बदलणे अवघड.

आणि आपले काय? गोऱ्यांसाठी लढला, म्हणून शिपायाला आपण इतिहासाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले. स्वामी आणि वारके यांनी जे केले, त्याला तोड नाही. त्यांच्या शेजारी या शिपायाला बसवा, असे मी म्हणत नाही. पण एकाच शिवारातली दोन पोरे दोन वाटांनी का गेली, हे विचारल्याशिवाय १९४२ साल पुरते समजणार नाही. ते न विचारता ब्रिटिशांना विसराळू म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरातला केर दाखवणे झाले.

राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदवहीत युद्धात गेलेल्यांची नावे आहेत. पुष्कळांच्या नावापुढे बापाचे नाव आणि गावही आहे. ती आता संगणकावर कुणालाही बघता येते. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी एक दिवस मुलांना बसवून आपल्या जिल्ह्याची नावे शोधावीत, फळ्यावर लिहावीत आणि मुलांनी ती घरी जाऊन आजीला विचारावीत. ट्रंका उघडायला अजून माणसे आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)